कडाक्याच्या थंडीतले ट्रॅप कॅमेरे: कार्ड रिकामं का आलं, हे कळायला हवं

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ताडोबा आणि मेळघाटात स्वयंसेवक म्हणून ट्रॅप कॅमेरे (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावले आहेत. या हिवाळ्यात एका गटाबरोबर हिमाचलच्या स्पिटीत, किब्बर गावाच्या वरच्या अंगाला, हिमबिबट्यासाठी कॅमेरे लावायला निघाला आहात. त्या गटाचे मागच्या हिवाळ्यातले बरेच कॅमेरे जानेवारीनंतर काहीच न टिपता परत आले. म्हणून तुम्ही विचारलंय की थंडीत चालणारा कॅमेरा कोणता, सेल कुठले घ्यायचे आणि कॅमेऱ्याला थंडीपासून वाचवायचं कसं.

तिन्हींची उत्तरं देतो, पण त्याआधी गटाला एक गोष्ट विचारा. जानेवारीनंतर ते कॅमेरे बंद पडले होते, बर्फाखाली गेले होते, की व्यवस्थित चालू होते आणि समोरून कुणी गेलंच नाही? हे त्यांना खात्रीनं सांगता येत नसेल, तर महागडे कॅमेरे आणूनही पुढच्या वर्षी तेच होणार. ताडोब्यात हा प्रश्न सहसा येत नाही, कारण काही दिवसांनी कुणीतरी जाऊन कॅमेरा बघतंच. स्पिटीत नोव्हेंबरात लावलेला कॅमेरा कित्येकदा मार्च-एप्रिलमध्येच परत हातात येतो. मधले चार महिने तिथे काय घडलं, हे त्या कॅमेऱ्यालाच सांगता आलं पाहिजे. माझा सगळा भर यावरच आहे.

आधी हिवाळ्यातच का जायचं, ते. हिमबिबट्यांचा मिलनाचा काळ साधारण जानेवारी ते मार्च. या दिवसांत नर-मादी दोघंही धारेवरच्या वाटांनी सारखे फिरतात, कड्याखालच्या आडोशाला मूत्राचा फवारा मारतात, मागच्या पायांनी माती उकरून ठेवतात. एकाच खुणेवर पुन्हापुन्हा येतात. कॅमेऱ्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्यांचे अभ्यासक रॉडनी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ आणि २००४ मध्ये रुम्बकच्या खोऱ्यात फिल्मचे कॅमेरे लावून हिमबिबट्यांची संख्या काढली, तीही ऐन हिवाळ्यात. पुढे २०१९ ते २०२३ या काळात देशभरातल्या हिमबिबट्यांची पहिली पद्धतशीर गणना झाली. त्यात १,९७१ ठिकाणी कॅमेरे होते. २४१ वेगवेगळे हिमबिबटे फोटोत ओळखता आले आणि देशातली एकूण संख्या ७१८ असावी असा अंदाज निघाला. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. हिमाचलच्या सर्वेक्षणात २८४ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ते लावण्यात किब्बरच्याच तरुणांचा पुढाकार होता. आता गावातल्या बायकाही हे काम करतात. तुम्ही ज्या डोंगरात जाताय तिथे या कामाचे जाणकार आधीपासून आहेत. त्यांना मदतनीस समजू नका, त्यांच्या हाताखाली शिका.

आता सेल. मागच्या वर्षीच्या गोंधळाचं मूळ बहुधा इथेच सापडेल.

साध्या अल्कलाइन सेलमधला द्राव पाण्याचा असतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवलेलं. पारा शून्याखाली गेला की आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. किब्बर ४,२०० मीटरच्या वर आहे. तिथे जानेवारीत रात्री उणे २०-२५ सहज होतं. एवढ्या थंडीत अल्कलाइन सेलकडून नेहमीच्या निम्मं कामही होत नाही. त्यातही नुसता कॅमेरा जागा ठेवायला लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो, तो सेल कसाबसा पुरवतो. रात्री फोटोसाठी इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे) दिवे पेटतात तेव्हा मात्र एकदम मोठा प्रवाह लागतो. थंडीनं आखडलेल्या सेलचं व्होल्टेज त्या क्षणी कोसळतं आणि कॅमेरा फोटो न घेताच बंद होतो, किंवा काळाकुट्ट फोटो घेतो.

पुढचं नीट लक्षात घ्या. सकाळी दहाला ऊन कॅमेऱ्यावर येतं, सेल गरम होतात आणि कॅमेरा पुन्हा चालू होतो. दुपारी भरलांचा (तिथल्या रानमेंढ्यांचा) कळप टिपतो, चकोर टिपतो, याकच्या मागून जाणारा गुराखी टिपतो. रात्र झाली की परत आंधळा. चार महिन्यांनी मेमरी कार्ड उघडणाऱ्याला भरपूर फोटो दिसतात, तो खूश होतो आणि लिहून टाकतो की या खिंडीत रात्री हालचाल नाही. हिमबिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतो, कोल्हा रात्रभर हिंडतो. नेमक्या त्याच वेळी कॅमेरा झोपलेला होता. अशा कार्डावर दिवसाचे फोटो खचाखच आणि रात्रीचा एक कोल्हासुद्धा नाही, असं दिसलं तर प्राण्यांबद्दल काही लिहिण्याआधी सेलवर संशय घ्या.

दुसरी फसगत काझाला, म्हणजे खालच्या मुख्य गावात, होते. कॅमेरे खाली आणले, रात्रभर तंदूरच्या खोलीत ठेवले (तिथे लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात) आणि सकाळी तपासले, तर सेल चांगले निघतात. बॅटरीचं चिन्ह निम्म्याच्या वर. थंडीनं सेलमधली ऊर्जा पळून गेलेली नसते, ती फक्त बाहेर येत नव्हती; ऊब मिळताच येते. म्हणून खाली आणल्यावर सेल ठीक दिसले, हा डोंगरात कॅमेरा चालू असल्याचा पुरावा होत नाही. तपासायचं तर जागेवर, कॅमेरा काढायच्या आधी, सकाळच्या थंडीतच तपासा.

उपाय सरळ आहे. पुन्हा चार्ज न होणारे १.५ व्होल्टचे एए लिथियम सेल घ्या. एनर्जायझरचे अल्टिमेट लिथियम आपल्याकडे मिळतात, उत्पादकानं ते उणे ४० अंशांपर्यंतच्या वापरासाठी दिलेले आहेत. यांच्यातला द्राव पाण्याचा नसतो, म्हणून थंडीत ते फारसे दबत नाहीत. वजनालाही हलके, अल्कलाइनच्या साधारण दोन तृतीयांश. एकेका कॅमेऱ्याला आठ किंवा बारा सेल लागतात आणि सगळं पाठीवरून न्यायचं असतं, त्यामुळे हा फरक खांद्यांना कळतो. महाग आहेत, हे खरंच. पण एका फेरीचा प्रवास, माणसं आणि दिवस यांचा हिशोब मांडलात तर सेलवर वाचवलेले पैसे हीच सगळ्यात महागडी काटकसर ठरते. बजेट कमी असेल तर कॅमेरे कमी लावा, सेल चांगले घाला.

लिथियमची एक खोड माहीत असू द्या. त्याचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग झपकन उतरतं. कॅमेऱ्याचं चिन्ह त्यामुळे भरपूर दाखवत राहतं आणि दोन दिवसांत सगळं संपतं. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत सेलचा प्रकार निवडता येतो, तो निवडा. वापरलेले सेल 'अजून चालतील' म्हणून पुन्हा वर नेऊ नका, ते खाली गावातल्या टॉर्चला द्या. आणि एका कॅमेऱ्यात नवे-जुने किंवा दोन जातींचे सेल कधीही मिसळू नका.

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल थंडीत अल्कलाइनपेक्षा बरे वागतात, पण त्यांचं व्होल्टेज १.२ असल्यामुळे काही कॅमेरे त्यांना उतरलेले समजतात. आठ-पंधरा दिवसांनी फेरी होणार असेल तर चालतील, चार महिन्यांसाठी नकोत. छोट्या सोलर पॅनेलचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे ऊन लख्ख असतं. पण त्या पॅनेलमागे सहसा लिथियम-आयन बॅटरी असते आणि ती शून्याखाली चार्ज करायची नसते. तशी चार्ज केली तर आत धातूचा लिथियम साचतो, बॅटरी कायमची खराब होते आणि धोकादायकही होऊ शकते. शिवाय पॅनेलवर बर्फ बसला की ते पॅनेल राहतच नाही. बाहेरून लीड-ॲसिड बॅटरी जोडणारेही आहेत. ती पूर्ण भरलेली असेल तर थंडी सोसते, पण उतरत गेली की आतलं ॲसिड पातळ होत जातं आणि ते गोठून डबा तडकतो. चार तासांच्या चढावर तो दगड वाहून न्यायचा विचार सोडा.

विमानानं जाणार असाल तर सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या पिशवीत, टोकं झाकून न्यायचे. लेहच्या बाजूला कधी गेलात तर परतीच्या विमानाआधी तिथल्या सुरक्षेचे नियम विचारून घ्या, ते इतर विमानतळांपेक्षा कडक असतात.

कॅमेऱ्याला थंडीपासून वाचवायचं कसं, याचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. लोकरीची पिशवी शिवणं, थर्माकोल लावणं, फोम गुंडाळणं, यांचा काही उपयोग नाही. गोधडी आपल्याला ऊब देते कारण ऊब आपल्या अंगात तयार होत असते. थांबलेल्या कॅमेऱ्यात उष्णता तयारच होत नाही, त्यामुळे गुंडाळलेला कॅमेरा थोडा उशिरा, पण तेवढाच गार होतो. उलट सकाळच्या उन्हात तो उशिरा गरम होतो, म्हणजे तोटाच. फोममध्ये दमट हवा अडकते ती वेगळीच. कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक्स थंडी सोसतं. नामांकित कंपन्यांचे कॅमेरे उणे २०-३० पर्यंत चालतील असं त्यांच्या पत्रकातच दिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. स्क्रीन मंदावतो, अक्षरं सावकाश उमटतात, त्यानं काही बिघडत नाही. प्लॅस्टिकच्या कड्या मात्र थंडीत ठिसूळ होतात. दार लावताना त्या मटकन तुटतात, म्हणून घाईनं दाबू नका.

थंडीपेक्षा मोठा शत्रू ओल आहे. स्पिटी इतका कोरडा प्रदेश असून कॅमेऱ्याच्या आत ओल येते कुठून? ती आपण नेतो. तंदूरच्या खोलीत चहा उकळतोय, थुक्पा शिजतोय, दहा माणसं श्वास घेतायत. त्या दमट हवेत कॅमेऱ्याचं दार उघडून सेल भरले आणि दार लावलं, की ती वाफ आत बंद झाली. वर गेल्यावर तीच भिंगाच्या आतल्या बाजूला बर्फाचा पापुद्रा होऊन बसते आणि बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाही. म्हणून सेल आणि कार्ड घालायचं काम गरम खोलीत करू नका. बाहेर ओसरीत किंवा न तापवलेल्या कोठीत करा. बाहेरची गार हवा फार थोडी वाफ धरू शकते, तीच आत बंद होऊ द्या. प्रत्येक कॅमेऱ्यात सिलिका जेलची ताजी पुडी टाका, आदल्या दिवशी मंद आचेवर सुकवून घेतलेली. दाराची रबरी कडी स्वच्छ आहे, तिच्यावर वाळूचा कण किंवा केस नाही, हे बोट फिरवून बघा. डोंगरातून कॅमेरा खाली आणताना बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीत आल्यावर काही तास पिशवी उघडू नका. पाणी मग पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही.

आता बाहेरचं दव-बर्फ. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आकाशाकडे उष्णता सोडते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. हवेतली उरलीसुरली वाफ तिच्यावरच गोठते. कॅमेऱ्यावर पुढे आलेला खडक असेल तर तो उघड्या आकाशाला सामोरा राहत नाही आणि पापुद्रा बराच कमी धरतो. योगायोग असा की हिमबिबट्यालाही खुणा करायला अशाच कलत्या, पुढे झुकलेल्या खडकाची बैठक आवडते, कारण पावसा-बर्फानं वास धुऊन जात नाही. प्राण्याची जागा आणि कॅमेऱ्याची जागा एकच निघाली, की ती सोडू नका.

कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन खिडक्या असतात. एक भिंगाची आणि दुसरी, पांढरट दुधी रंगाची, सेन्सरची. लोक भिंग पुसतात आणि दुधी खिडकी विसरतात. प्राण्याच्या अंगाची उष्णता ओळखणारा सेन्सर तिच्यामागे असतो आणि उष्णतेच्या त्या किरणांना बर्फाचा पातळ थरही अडवतो. भिंग लख्ख असलं तरी दुधी खिडकीवर पापुद्रा असेल तर कॅमेरा फोटो काढणारच नाही, कारण समोर कुणी आलंय हे त्याला कळणारच नाही. काचही हे किरण अडवते, त्यामुळे बर्फापासून संरक्षण म्हणून पुढे काच लावायची कल्पना तिथेच संपली. दोन्ही खिडक्या कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झाडायच्या. नखानं खरवडायचं नाही, ती दुधी पट्टी मऊ प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर बारीक भिंगांची नक्षी असते. फुंकर तर मुळीच मारायची नाही, आपला श्वास तिथेच गोठतो. मी वर असताना कॅमेऱ्यासमोर तोंडावरचा बफ (गळ्या-तोंडाभोवतीचं कापड) खाली करत नाही. सोबतच्यांनाही करू देत नाही.

हा सेन्सर प्राण्याचं तापमान मोजत नाही, पाठीमागच्या दृश्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही आडवं सरकलं की चाळवतो. पुस्तकी हिशोबानं हिवाळ्यात ते सोपं असायला हवं: मागे उणे २० चा डोंगर, पुढे उबदार जनावर. पण हिमबिबट्याचा हिवाळी कोट इतका दाट असतो की त्याच्या केसांचा बाहेरचा पृष्ठभाग हवेइतकाच गार वाटावा. सेन्सरला खरं दिसतं ते तोंड, डोळ्यांभोवतीचा भाग, पायांची आतली बाजू. तेव्हा ताडोब्यात वाघासाठी जसं सात-आठ मीटरवरून निभावतं, तसं इथे धरू नका. वाटेपासून तीन-चार मीटर, फार तर पाच. वाट सरळ कॅमेऱ्याकडे येणारी नको, कारण समोरून चालत येणारं जनावर सेन्सरला उशिरा कळतं. वाटेशी कॅमेऱ्याचा कोन साधारण ४५ अंशांचा ठेवा, म्हणजे जनावर आडवंही सरकतं आणि कुशीवरचे ठिपकेही मिळतात.

ऊन हा सेन्सरचा दुसरा चकवा. तिथल्या विरळ हवेत काळा खडक सकाळी उणे १५ वर असतो आणि दुपारी हाताला गरम लागतो. त्यावरून वारा आणि ढगांच्या सावल्या सरकल्या की कॅमेरा हजारो रिकामे फोटो काढत बसतो आणि त्यात सेल जातात. तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा आणि मागे मोकळी दरी येण्यापेक्षा पाच-सहा मीटरवर खडकाची भिंत येईल असं बघा. चौकटीतलं वाळलेलं गवत, झुडपाची काडी उपटून टाका. संवेदनशीलता दुपारच्या उन्हात जागेवर तपासून ठरवा, घरी ठरवून जाऊ नका.

जागा निवडताना आपल्या सह्याद्रीतल्या सवयी कामी येतात. सोंड, धार, खिंड, घळ, नाळ हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याला हिमबिबट्याची वाट वाचायला वेळ लागत नाही. सोंड जिथे धारेला मिळते तो सांधा, खिंडीचं तोंड, कड्याच्या पायथ्याची चिंचोळी पट्टी. नवीन आहे ते बर्फाचं वागणं. धारेवरचा बर्फ वारा उडवून नेतो, तिथे जानेवारीतही माती दिसते. तोच बर्फ वाऱ्याआडच्या बाजूला आणि नाळेत साठतो, कमरेएवढा. नोव्हेंबरात दोन्ही जागा सारख्याच कोरड्या दिसतात! नवख्या गटांचे कॅमेरे गाडले जातात ते इथेच. हे नकाशावर कळत नाही, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. 'लोसरनंतर इथे बर्फ कुठवर येतो?' असं विचारलंत की हात धरून दाखवतील (लोसर म्हणजे तिथलं हिवाळ्यातलं नवं वर्ष).

स्पिटीत कॅमेरा बांधायला झाड मिळत नाही. दगडांची रास रचून तिच्यात कॅमेरा बसवतात. धारेवर जमिनीपासून ४०-५० सेंटिमीटर उंची ठीक आहे. बर्फ साठणाऱ्या जागी कॅमेरा छातीच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून. रास पक्की हवी: तळाला मोठे चपटे दगड, प्रत्येक दगड हातानं हलवून बघायचा. याक अंग घासायला अशीच उभी वस्तू शोधतो आणि दिवसा वितळून रात्री गोठणारं पाणी दगड सरकवतं. कॅमेऱ्यावर छपरासारखा एक चपटा दगड दोन-तीन बोटं पुढे काढून ठेवा, पण तो चौकटीत येत नाही ना, हे रात्रीचा फोटो काढून बघा. छपराची कड चौकटीत आली तर इन्फ्रारेड उजेड तिच्यावरूनच परततो आणि मागचं सगळं काळं होतं. साचत जाणारा बर्फही हेच करतो. भिंगापुढे दीड हातावर ढीग आला की रात्रीच्या प्रत्येक फोटोत खाली पांढरा भडका आणि वर अंधार. म्हणून कॅमेऱ्यापुढची जमीन उताराची असलेली बरी.

आता सेटिंग. व्हिडिओ नको, फोटो ठेवा, एका चाळवणीला तीन ते पाच. रात्रीच्या व्हिडिओत दिवे सलग जळतात आणि सेलचा चुराडा होतो. सिमकार्डाचे कॅमेरे त्या नाळांमध्ये रेंज शोधण्यातच दमतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते सेटिंग: ठरावीक वेळचा फोटो. बऱ्याच कॅमेऱ्यांत टाइम-लॅप्स असतो आणि काहींत तो सेन्सरबरोबर एकाच वेळी चालवता येतो, तसा कॅमेरा बघा. रोज दुपारी १२ ला एक आणि रात्री १२ ला एक, असे दोन फोटो लावा. समोर तीन मीटरवर एक उभा दगड रोवा, त्याच्यावर दर १० सेंटिमीटरला रंगाची आडवी रेघ. बस. सेलवर याचा भार नगण्य.

चार महिन्यांनी हे फोटो ओळीनं लावून बघा. दुपारच्या फोटोंत पहिली रेघ बुडते, दुसरी बुडते, मग एके दिवशी चौकट नुसती पांढरी, काही दिवस पांढरीच, मग वरच्या कोपऱ्यातून आभाळ उघडतं आणि दगड पुन्हा वर येतो. कॅमेरा किती दिवस गाडलेला होता ते तारखेसह हातात आलं. रात्रीच्या फोटोंत तो दगड उजळ दिसतोय तोवर दिवे आणि सेल ठीक. दगड अंधुक होत गेला तर सेल दमतायत किंवा भिंगावर पापुद्रा धरतोय. रात्रीचे फोटो थांबले आणि दुपारचे चालू राहिले, तर वर सांगितलेलं थंडीचं आखडणं. दोन्ही थांबले ती तारीख म्हणजे कॅमेऱ्याचा शेवटचा दिवस. आणि दोन्ही शेवटपर्यंत स्वच्छ आहेत, मध्ये एकही हिमबिबट्या नाही, तर दोन सवाल उरतात: दुधी खिडकी झाकली गेली होती का, आणि नसेल तर इथून खरंच कुणी गेलं नाही का. पहिल्याचं उत्तर मिळवायला कॅमेरा लावताना आणि काढताना स्वतः त्याच्यासमोरून रांगत जा, चाळवतो का बघा. शिवाय भरल, कोल्हे, ससे मधल्या काळात टिपले गेले असतील तर सेन्सर जागा होता. मग 'इथे हिमबिबट्या दिसला नाही' हे वाक्य तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता, आणि गणनेत त्या वाक्याला फोटोइतकीच किंमत आहे.

फोटोवर छापलेल्या तापमानावर फार विसंबू नका, ते कॅमेऱ्याच्या पोटातलं असतं, उन्हात भलतंच वर जातं. रात्रीचे आकडे त्यातल्या त्यात खरे.

घड्याळाचंही बघा. सेल पूर्ण बसले किंवा बदलताना वेळ लागला की काही कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते. म्हणून लावताना पहिला फोटो पाटीचा: ठिकाणाचा क्रमांक, तारीख, वेळ. काढताना शेवटचा फोटोही पाटीचा, मोबाइलवरच्या वेळेसह. कार्ड नवं, नामांकित, ३२ जीबीचं पुरे. उत्पादक थंडीची मर्यादा लिहितात, सहसा उणे २५ च्या आसपास. ती बघून घ्या.

अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेका हिमबिबट्याची ओळख पटवण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण थंडीत बिघडलेले फोटो पुढे आकडे बिघडवतात. हिवाळ्यात केस लांब आणि पिंजारलेले असतात, कुशीवरची वर्तुळं एकमेकांत मिसळतात. त्यात इन्फ्रारेडचा धुरकट फोटो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राणिसंग्रहालयांतल्या, म्हणजे ओळख आधीच माहीत असलेल्या, हिमबिबट्यांचे फोटो लोकांना ओळखायला दिले होते. साधारण १२.५ टक्के वेळा ओळख चुकली आणि त्या चुकांमुळे संख्या सरासरी एक तृतीयांशानं फुगली. एकच जनावर दोन वेगळी समजली जाणं, ही नेहमीची चूक. म्हणून कपाळ, पुढचे पाय, शेपटीचा बुंधा या आखूड केसांच्या जागा बघा. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता ओळख लावावी. जिथे खात्री नाही तो फोटो बाजूला ठेवायची तयारी हवी, मग तो कितीही देखणा असो. पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे ठिपके जास्त ठळक देतात, पण जनावर बिचकू शकतं आणि सेलही जास्त खातात. मी खुणेच्या खडकापाशी ते टाळतो.

ऐन हिवाळ्यात कॅमेऱ्याच्या फेऱ्या कमीत कमी ठेवा. भरलांचं ते उपाशी दिवस काढणं असतं. एकदा पळवले की त्यांची जी ऊर्जा जाते ती त्या सुक्या गवतातून भरून निघत नाही. जायचंच असेल तर उन्हं वर आल्यावर, गावातल्या माणसाबरोबर, आणि सगळी जुळणी खाली करून. वर फक्त दार उघडणं, सेल, कार्ड, पाटी, दार बंद. आत पातळ हातमोजा, वर जाड. उघड्या बोटांनी धातूच्या कड्या आणि कुलूप धरू नका, कातडी चिकटते. नवं कार्ड छातीच्या खिशात, जुनं दुसऱ्या बाजूच्या खिशात, हे आधीच ठरलेलं असावं, कारण उंचीवर आणि थंडीत डोकंही सावकाश चालतं. काझाला पोचल्यावर दोन-तीन दिवस नुसते राहा, मगच वर चढा. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, येणं-जाणं किन्नौरमार्गेच. तो रस्ताही हिमवर्षावात कधी दोन दिवस, कधी जास्त बंद पडतो. परतीचं तिकीट त्या हिशोबानं काढा.

हिमबिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हिमाचल वनविभागाची लेखी परवानगी गटाच्या हातात असल्याशिवाय एकही कॅमेरा लावू नका. गावातल्या कुरणात लावणार असाल तर गावालाही विचारा. पाणी भरायला जाणाऱ्या बायकांचे, गुराख्यांचे फोटो आले तर ते पुसून टाका, कुणाला दाखवू नका. आणि हिमबिबट्याच्या फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश सार्वजनिक करू नका.

मार्चमध्ये कॅमेरे काढाल तेव्हा राशीचे दगड पसरून द्या, आणलेला प्रत्येक सेल मोजून परत न्या. मग खाली बसून पहिली नोंद प्राण्यांची करू नका. आधी प्रत्येक कॅमेऱ्यासमोर तीन गोष्टी लिहा: किती रात्री तो लावलेला होता, त्यातल्या किती रात्री तो खरोखर बघत होता, आणि उरलेल्या रात्री कशामुळे वाया गेल्या, सेल, बर्फ, पापुद्रा की याक. संख्येच्या गणितात दुसरा आकडा जातो, पहिला नाही. तिसऱ्या रकान्यावरून पुढच्या ऑक्टोबरात कुठली रास हलवायची, कुठे उंची वाढवायची आणि कुठे सेल बदलायचे, ते ठरवा. मागच्या वर्षीची कार्डं गटाकडे अजून असतील तर जायच्या आधी तीही याच पद्धतीनं एकदा तपासा. ठरावीक वेळचे फोटो त्यांच्यात नसतील, पण दिवसा-रात्रीच्या फोटोंचं प्रमाण महिन्यागणिक मांडलंत तरी सेल कुठल्या आठवड्यात आखडले ते बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत दिसेल.